नानांना कार्ड घ्यायचंय

"नाना, भाच्यानं लिनक्स टाकून दिलं म्हणे तुमच्या मशीनवर?"

"टाकलं की. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ११ म्हणे या मशीनला चालत नाही. तो म्हणाला, मशीन भंगारात घालू नका, मिंट टाकून देतो. छान चाललंय गं. पण मे महिन्यात नातू येणार, त्याला गेम हवेत. दुकानदार म्हणतो, एनव्हिडियाचं जीटी १०३० घेऊन जा, स्वस्तात लावतो."

"स्वस्तात लावणारच. पडून असेल त्याच्याकडे."

नानांनी नळाची तोटी बंद केली आणि भिंतीला टेकले. आता अर्धा तास कुठे जायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"त्या १०३० ची एक भानगड आहे, नाना. २०१७ ला आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती. पुढच्या वर्षी त्याच नावानं डीडीआर४ लावलेलं कार्ड आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली. खोक्यावर नाव मोठ्या अक्षरात, मेमरीचा प्रकार बारीक अक्षरात. आता तुमचा दुकानदार कुठलं देणार, हे त्यालाही माहीत नसेल."

"म्हणजे नाव तेच आणि माल वेगळा?"

"हे एकटं नाही हो. एएमडीचंही आहे. आरएक्स ५८० च्या नावापुढे हळूच '२०४८ एसपी' असं लिहिलेलं एक कार्ड फिरतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. २०४८ म्हणजे आतून ५७०. बाजारात जुनी ५८० ढिगानं आहेत, कारण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं धुऊन-पुसून विकायला आली. पंखा फिरवून बघितल्याशिवाय हात लावू नये. तुम्हाला तर तेही नको, ते १८५ वॅट खातं."

"पण एनव्हिडियाला काय झालंय? भाचा तर त्याचंच कौतुक करतो."

"भाचा व्हिडिओ एडिट करतो, ब्लेंडर चालवतो, त्याला एनव्हिडियाचंच क्युडा लागतं. त्याचं बरोबर आहे. तुमचं काम वेगळं." इथे मी आवाज थोडा खाली आणला, सवयीनं. "लिनक्सवाल्यांचं आणि एनव्हिडियाचं जुनं वाकडं आहे. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कुणीतरी लिनस टॉरवाल्ड्सला एनव्हिडियाबद्दल विचारलं. म्हणजे ज्यानं लिनक्स सुरू केलं तो. त्यानं कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं."

"भर सभेत?"

"भर सभेत. व्हिडिओ आहे. बोट काढून बाजूला ठेवा, राग कशाचा होता ते महत्त्वाचं. एएमडीचा ड्रायव्हर उघडा आहे, कर्नलच्या आतच येतो. कार्ड लावलं, मशीन चालू केलं, झालं. ते घरच्या पंगतीला बसतं. एनव्हिडिया स्वतःचा डबा घेऊन येतं. जेवण उत्तम असतं, पण कर्नल बदलला की डबा नव्यानं भरावा लागतो, आणि एखाद्या दिवशी तो नीट भरला गेला नाही की अपडेटनंतर काळी स्क्रीन. त्यात सिक्युअर बूट चालू असेल तर चावी नोंदवा, पासवर्ड टाका, निळ्या पडद्यावर हो म्हणा. भाचा कोथरूडला, तुम्ही इथे."

"मग एनव्हिडियाचा उघडा ड्रायव्हर नाहीच का?"

"नूवो म्हणून आहे ना, लोकांनी स्वतः लिहिलेला. पण २०१४ च्या सुमारापासूनच्या कार्डांना कंपनीनं सही केलेलं फर्मवेअर लागायला लागलं, आणि त्यावाचून नूवोला कार्डाचा वेग वाढवता येईना. कार्ड सगळा जन्म पहिल्या गियरमध्ये. पुढे मे २०२२ मध्ये कंपनीनं कर्नलचा भाग उघडा केला. पण कुणासाठी? ट्युरिंग पिढी आणि त्यापुढच्यांसाठी. १०३०, १०५० टीआय ही पास्कलची पिढी, ती बाहेरच राहिली. वर ५८० नंबरचा ड्रायव्हर हा त्यांच्यासाठीचा शेवटचा. म्हणजे दुकानदार तुम्हाला आज जे स्वस्तात देतोय, त्याचा नवा ड्रायव्हर यायचा बंद झालाय."

नाना गप्प. मग म्हणाले, "ती इंटेलचीही कार्डं आलीत म्हणे."

"आलीत. आर्क ए३८०, सहा जीबी, व्हिडिओला झकास, एव्ही१ सुद्धा एन्कोड करतं. ड्रायव्हरही कर्नलमध्येच. पण त्याला रिसायजेबल बार लागतं, नाहीतर गेममध्ये धापा टाकतं. तुमचं मशीन चौथ्या पिढीचं आय५, त्याच्या बायोसात ते नसणार. नव्या मशीनला मी तेच सांगितलं असतं."

"मग मला काय सांगतेस?"

"आधी मशीन उघडा."

नानांनी खरंच उघडून आणलं. आडवा, बारीक डबा, कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त झालेला. भिंतीवर ठेवून आम्ही दोघांनी एसएमपीएसवरचं लेबल वाचलं: २४० वॅट. सहा पिनांची वायर शोधली, नव्हती. म्हणजे जी काही वीज मिळेल ती स्लॉटमधूनच. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, आणि काही स्लिम मशीनमध्ये त्याहूनही कमी, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. डब्याची उंचीही अर्धी. त्यामुळे लो प्रोफाइल कार्डाशिवाय दुसरं काही आत शिरणार नाही.

"आरएक्स ६४००," मी म्हटलं. "५३ वॅट, चार जीबी, लो प्रोफाइलमध्ये मिळतं. स्टीमवरचे विंडोजचे गेम प्रोटॉनमधून चालतात, आणि एएमडीच्या ज्या व्हल्कन ड्रायव्हरवर ते चालतात त्यावर खुद्द स्टीमवाल्या वाल्व कंपनीचे लोक काम करतात. त्यांच्या स्टीम डेकमध्ये एएमडीचीच चिप आहे, त्यामुळे त्यांना करावंच लागतं."

"खोट काय त्यात? खोट असणारच."

"आहे ना. दिसायला लांब स्लॉटमध्ये बसतं, पण आतून चारच लेन जोडलेल्या. तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३ चा, तिथे वेग अर्धा होतो. गेमची चित्रं चार जीबीत मावली तर कळतही नाही, ओसंडली की अडखळतं. नातवाला सेटिंग मध्यम ठेवायला सांगा. शिवाय स्क्रीन रेकॉर्ड करायचा एन्कोडर त्यात नाही, आणि एव्ही१ उलगडतही नाही. लो प्रोफाइलमध्ये जीटीएक्स १६५० मिळालं तर सोळाच्या सोळा लेन मिळतील, पण मग एनव्हिडियाचा डबा आला."

"नको. पण माझा मॉनिटर?"

मागे निळी पिन. व्हीजीए.

"६४०० वर ती नसते. एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. कन्व्हर्टर घ्या, चिप असलेला, साधी वायर चालत नाही. आणि ऐका, कुणी १०५० टीआय म्हणून व्हीजीए असलेलं कार्ड दाखवलं तर तिथून निघा. त्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. जुन्या जीटीएस ४५० चं बायोस बदलून नवं नाव दिलेली कार्डं विकली गेलीत."

"लॅमिंग्टन रोडला जाऊ का शनिवारी?"

"जा. मिंटचा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. सेकंडहँड घेणार असाल तर त्यांच्याच मशीनवर लावून पेनड्राइव्हवरून चालू करायला सांगा, आणि टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय डॅश के' टाका. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीपुढे 'एएमडीजीपीयू' आलं की पैसे द्या. तुमच्याकडे आत्ता तिथे 'आय९१५' दिसेल, तो इंटेलचा. खरं सांगू? त्यावरही सुपरटक्सकार्ट चालेल. आधी नातवाला तेच देऊन बघा, कदाचित कार्ड लागायचंही नाही."

"ते पेंग्विनचं? तो हसेल मला."

"मग ६४०० च. आणि खोकं दुकानातच फोडा. आत अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी आहे का बघा, बऱ्याचदा मोठीच लावलेली असते आणि छोटी सुटी ठेवतात. ती नसेल तर दुकानदार म्हणेल, कुरियरनं पाठवतो. पाठवत नाहीत."