सेवेकरी किमान सात

म्हातारं माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं की काही आठवडे वॉकर लागतो, कमोडची खुर्ची लागते. विकत घ्यावी, तर पुढे जन्मभर तिच्यावर टॉवेल वाळतात. तेव्हा असं रुग्णोपयोगी साहित्य फुकट वापरायला देणारी संस्था हवी, यावर आमच्या कोथरूडच्या कॉलनीचं एकमत झालं. पार्किंगचा प्रश्न धरून हे कॉलनीतलं पहिलंच एकमत.

संस्था नोंदणी कायदा १८६० सालचा. सत्तावनचं बंड नुकतंच शमलेलं. सात हिंदुस्थानी एकत्र बसलेले पाहून सरकारची झोप उडायची ती वेळ. पण इंग्रज हुशार. त्याने कायदाच करून टाकला, की सात जण असल्याखेरीज संस्था नाही. सातांत अध्यक्ष एकच होतो. उरलेले सहा कुणाविरुद्ध बंड करणार, हे साहेबाने आधीच ओळखलं असावं. सेवा घेणारे किमान किती हवेत, हे मात्र त्या कायद्यात कुठेही नाही.

आमच्याकडे अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार अशी सहा पदं वाटून झाली. सातवे गृहस्थ नुसतेच सदस्य उरले म्हणून रुसले. त्यांच्यासाठी ‘प्रमुख मार्गदर्शक’ हे पद काढलं, तर अध्यक्ष रुसले.

मग घटना. उद्दिष्टं सहसचिवांनी कुठल्याशा तयार मसुद्यातून उतरवून आणली, म्हणून संस्था गोपालन, कुस्ती आणि सागरी मच्छीमारांचं कल्याण यांनाही बांधील झाली. कोथरूडला समुद्र नाही, असं मी म्हटलं. वकील म्हणाले, “असू द्या, पुढे लागतं.” त्यात वॉकर राहून गेला होता. तो शाईने घातला.

महाराष्ट्रात एकदा नोंदणी करून भागत नाही. १८६० च्या कायद्याखाली झाली, की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली पुन्हा. दोन्हींसाठी पायरी धर्मादाय आयुक्तालयाचीच. मग देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून ‘ऐंशी-जी’. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे असतात, ते आपल्याकडे यावेत म्हणून आणखी एक अर्ज. कार्याध्यक्षांचा मुलगा न्यू जर्सीत, म्हणून परदेशी देणग्यांचीही चर्चा झाली. त्यांचं खातं २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उघडावं लागतं, हे कळल्यावर तिघे दिल्लीला जायला तयार झाले.

दरम्यान खजिनदारांनी राजीनामा दिला. पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला, त्यावर जुन्या खजिनदारांनीच हरकत घेतली आणि संस्थेचं पहिलं भरीव काम सुरू झालं. त्याच्या तारखा अजून पडताहेत.

तळमजल्यावरच्या काकू यजमान गेल्यापासून त्यांचा वॉकर आणि खुर्ची लागेल त्याला देतात. पावती नाही, अनामत नाही, ठराव नाही. हे असंघटित क्षेत्रातलं काम संस्थेच्या अहवालात दाखवता येईल, असं प्रमुख मार्गदर्शकांनी सुचवलं. मंचावर सहा पदाधिकाऱ्यांची भाषणं ठेवून काकूंचा सत्कार करायचं ठरलं. हॉलच्या भाड्यात दोन वॉकर आले असते.

आमंत्रण द्यायला आम्ही सगळे खाली गेलो. काकूंनी पत्रिका वाचली आणि म्हणाल्या, “शाल राहू द्या. अध्यक्षांच्या गच्चीत माझा वॉकर आहे, टॉवेल काढून तेवढा पाठवून द्या.”