वारसा, नाश्त्यासह

गेल्या शनिवारी आम्ही उभयता वारसा बघायला निघालो. निघतानाच हिला बजावलं, फूड मॉलला थांबायचं नाही, अस्सल महाराष्ट्र बघायचा. तो पहिल्यांदा दिसला खंबाटकी घाटात, रांगेत हॉर्न वाजवत उभा असलेला.

सुरूरला वळून वाई गाठली. ढोल्या गणपतीच्या मागची भिंत हिला मुद्दाम दाखवली. माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. 1762 साली रास्त्यांनी एवढा विचार केला होता.

"आपल्या बिल्डरने का नाही केला? दर जुलैत पार्किंगमध्ये पोहावं लागतं," ही म्हणाली. हिला इतिहासाची गोडी नाही, तुलनेची आहे.

मग मेणवली. घाटावरची घंटा वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची. मी हे रंगवून सांगत असताना एका पोराने माहिती पुरवली, "शाहरुखचं शूटिंग हितंच झालं." झालं! ही लगेच 'स्वदेस'मधला घाट शोधायला लागली. नाना फडणवीस साडेतीन शहाण्यांतला अर्धा खरा, पण शाहरुखपुढे पाव उरला.

नानांच्या वाड्यात मात्र मी गहिवरलो. "या तुळया बघ, हे खांब बघ! लोकांना किंमत नाही गं. वाडे पाडतात आणि खुराडी बांधतात."

"आपला कुणी पाडला?"

तो विषय वेगळा आहे. सात भाडेकरू होते, संडास सामाईक होता, आणि एफएसआय चांगला मिळत होता. सदाशिव पेठेत त्या वेगळ्या विषयाच्या चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो.

वाटेत चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापाशी मी खंत व्यक्त केली, की गावात कौलारू घरं उरली नाहीत, जिकडेतिकडे स्लॅब. ते म्हणाले, "मग या की वळवाच्या आधी, कौलं शाकारायला. माणूसच मिळंना." मी गुळाचा भाव विचारला.

आनेवाडीचा टोल भरून लिंबला गेलो. बारा मोटांची विहीर बघाल तर विहीर या शब्दाचीच लाज वाटेल. अष्टकोनी, शंभराहून जास्त फूट खोल, आणि वर चक्क छोटा महाल. शके 1641 ते 1646 मध्ये विरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली, हे तिथल्या शिलालेखातच आहे. त्या शिलालेखाच्या खालच्या अंगाला दोन पोरं खिळ्याने स्वतःचा शिलालेख खोदत होती. बाण आणि बदाम काढून झाला होता, नाव बाकी होतं. मी असा काही आवाज चढवला की विहिरीतली कबुतरं उडाली.

"काका, तुम्ही लहानपणी कधीच न्हाई का कोरलं?" त्यातल्या एकाने विचारलं.

"कधीच नाही!"

रात्री मुक्कामाला एक 'वाडा' गाठला. म्हणजे रिसॉर्ट. नऊ हजार रुपये, नाश्त्यासह. चौकात तुळशीवृंदावनाच्या जागी पोहण्याचा तलाव, जात्यावर वायफायचा पासवर्ड, आणि पिठलं-भाकरीला मेनूकार्डात अर्धं पान. आमचं टेबल एका जुन्या सागवानी खांबाशेजारी होतं. मंद दिवे होते. मी हिला खांबावरची कमळं दाखवत होतो आणि अशा वस्तू कोण जिवाच्या कराराने जपतं वगैरे सांगत होतो. तेवढ्यात गुडघ्याच्या उंचीवर बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. मोबाईलचा दिवा धरला.

कर्कटकाने कोरलं होतं: 'वि. का. इ. 6 वी ब.' 'वि'ची वेलांटी उलटी. त्या वेलांटीसाठी मी आजोबांच्या हातचा मार खाल्ला होता. खांब खराब केल्याबद्दल नाही, शुद्धलेखनाबद्दल.

ही वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "कधीच नाही, ना?"

मी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, तसा वेटर धावत आला.

"साहेब, हात नका लावू प्लीज. अँटिक आहे."