आपला तो टॉड, दुसऱ्याचा तो दहशतवादी

श्रीमती सारा पेलिन यांस,


२९ ऑगस्ट २००८ रोजी जॉन मॅकेन यांनी ओहायोतल्या डेटन शहरात तुमची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. त्यांच्या मोहिमेचे ब्रीद होते ‘कंट्री फर्स्ट’. तुमचे तेव्हाचे यजमान टॉड त्याच्या काही वर्षे आधीपर्यंत ज्या अलास्कन इंडिपेंडन्स पार्टीत होते, तिचे ब्रीद ‘अलास्का फर्स्ट, अलास्का ऑल्वेज’. आधी देश की आधी अलास्का, याचा निकाल तुमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कसा लागत असेल, याची आम्हाला उगीचच काळजी वाटली.

घरात दोन पक्ष ठेवण्याची विद्या आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना नवी नाही, म्हणा. इथे नवरा एका झेंड्याखाली, बायको दुसऱ्या, आणि उमेदवारी घरच्या घरीच. तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

आणि न्यायाने बोलायचे तर तुम्ही स्वतः त्या पक्षात कधीच नव्हतात. मतदार नोंदणीत १९८२ पासून तुमच्या नावापुढे रिपब्लिकन हाच पक्ष आहे. त्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी ‘बाई आमच्याच’ म्हणून सांगितले, न्यूयॉर्क टाइम्सने ते छापले, मग कागदपत्रे बाहेर आली. वृत्तपत्राला दुरुस्ती छापावी लागली आणि पक्षाच्या अध्यक्षांनी माफी मागितली. योग्यच झाले. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण एवढी सवलत तुम्ही पुढे दुसऱ्या कुणाला दिली नाहीत.

मग उरले काय? टॉड १९९५ ते २००२, मधले काही महिने सोडले तर, त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार होते. २००० साली पक्षाचे अधिवेशन तुमच्या वासिला गावात भरले, तेव्हा तुम्ही नगराध्यक्षा म्हणून तिथे जाऊन आलात. आणि २००८ साली गव्हर्नर म्हणून अधिवेशनाला चित्रफितीतून शुभेच्छा पाठवल्यात : तुमचा पक्ष राज्यात महत्त्वाची भूमिका बजावतो, असेच काम चालू ठेवा, देव तुमचे भले करो. गावात आलेल्या पाहुण्यांचे स्वागत करावे लागते, मतदारांशी गोड बोलावे लागते. तुमच्या बाजूने दिलेला हा खुलासा मला मनापासून पटतो.

आता हे पाहुणे कोण, तेही पाहू. पक्षाचे संस्थापक जो व्होग्लर हे सोन्याच्या खाणीवर राबणारे गृहस्थ. आपण अलास्कन आहोत, अमेरिकन नाही, असे ते छातीठोकपणे सांगत. १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला घेतलेल्या या मुलखाला १९५८ च्या मतदानात राज्य व्हायचे की नाही एवढेच विचारले गेले, स्वातंत्र्याचा पर्याय ठेवलाच नाही, हे त्यांचे दुखणे. सुमारे ६० टक्के जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात, हे दुसरे. दोन्ही दुखणी अगदीच हवेतली नव्हती. पण १९९३ मध्ये व्होग्लर बेपत्ता झाले. बेकायदा स्फोटकांच्या व्यवहारात बिनसले म्हणून आपण त्यांना मारल्याची कबुली पुढे एकाने दिली. अमेरिकेच्या झेंड्याखाली पुरू नका, ही त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांना कॅनडातल्या डॉसन शहरात पुरले.

तरीही अलास्कात हा पक्ष कुणाला वेड्यांचा बाजार वाटला नाही. निक्सन यांच्या इंटिरियर खात्याचे माजी मंत्री, म्हणजे केंद्राच्या जमिनींचे एकेकाळचे राखणदार वॉल्टर हिकल, १९९० मध्ये याच पक्षाच्या तिकिटावर गव्हर्नर झाले आणि १९९४ मध्ये पुन्हा रिपब्लिकन झाले. म्हणजे तुमच्याकडे फुटीरता हा प्रकार चूल वेगळी मागण्याचा; धान्याची कणगी मात्र सामाईकच. वॉशिंग्टनचे तोंड पाहायचे नाही, अशी भाषा राज्यात रुळलेली असताना तुमच्या वासिलाने तिथे मध्यस्थ नेमून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर आणले. गावाची वस्ती काही हजार. ज्या राष्ट्राने इतके द्यावे, त्याच्यापासून फुटायला मन तरी कसे होणार!

इथवर माझे तुमच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते ४ ऑक्टोबर २००८ चे. त्या दिवशी कोलोरॅडोत तुम्ही सांगितलेत की बराक ओबामा यांची दहशतवाद्यांशी दोस्ती आहे. दहशतवादी कोण, तर बिल एअर्स. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ज्या वेदर अंडरग्राउंड गटाने बॉम्ब उडवले, त्याचे ते एक संस्थापक. ओबामा तेव्हा शाळकरी पोर होते. पुढे एअर्स शिकागोत शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले, एका धर्मादाय निधीच्या संचालक मंडळावर दोघे एकत्र बसले, आणि १९९५ मध्ये ओबामांच्या पहिल्या निवडणुकीसाठी एअर्स यांच्या घरी चारचौघांची बैठक झाली. १९९५, बाई! त्याच वर्षी टॉडनी त्या पक्षात नाव घातले. शिकागोत एका संध्याकाळचा चहा झाला तो देशाशी दगा, आणि अलास्कात सात वर्षांची नोंदणी झाली ती नवऱ्याची खासगी आवड?

तुमचीच मोजपट्टी तुम्हाला लावून पाहतो. ‘ही बाई अशा माणसाबरोबर संसार करत होती, ज्याने नाव अशा पक्षात घातले, ज्याच्या संस्थापकाला थडग्यावरही अमेरिकेचा झेंडा नको होता आणि जो स्फोटकांच्या सौद्यात मारला गेला.’ यातला एकही तपशील खोटा नाही. प्रत्येक कडी खरी आहे, फक्त साखळी खोटी आहे. व्होग्लर गेले तेव्हा तुम्ही वासिलाच्या नगरपरिषदेत नवख्या होतात. त्यांच्या स्फोटकांशी तुमचा काय संबंध? काहीही नाही. वेदर अंडरग्राउंडच्या बॉम्बशी ओबामांचा होता तेवढाच.

एक मात्र तुमचे नशीब, की हे सारे अलास्कात घडले. आमच्याकडे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ घेतल्याशिवाय उमेदवाराला निवडणूकच लढवता येत नाही. त्याच सुमारास द्रमुकने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली. इथे अशा पक्षाला तुमची शुभेच्छांची चित्रफीत गेली असती, तर ‘तुकडे तुकडे गँग’ हे विशेषण दुपारच्या बातम्यांपर्यंत तुम्हाला चिकटले असते. तुमच्याकडे दाढीवाले, बंदूकवाले, मासेमारी करणारे गोरे गृहस्थ देशातून फुटायची भाषा करतात तेव्हा तो रांगडेपणा ठरतो. हुसेन हे मधले नाव असलेला माणूस एका समितीत कुणाशेजारी बसला, की देश धोक्यात येतो.

निवड सोपी होती : एकतर ओबामांना सोडायचे, नाहीतर टॉडना धरायचे. तुम्ही दोन्ही टाळलेत, आणि वर टाळ्या घेतल्यात.

शेवटी एक विनंती. राज्याचे विमान ई-बेवर विकायला काढल्याचे तुम्ही रिपब्लिकन अधिवेशनात अभिमानाने सांगितले होते. ती मोजपट्टीही तिथेच काढा. विमान तिथे खपले नव्हते, पण हिची चिंता नको. पहिली बोली आमच्याकडूनच येईल.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या मतदारयादीत नसलेला,
एक वाचक