फोडणी खंय आसा?

२०१६च्या मे महिन्यात बराक ओबामा हनोईतल्या एका साध्या खानावळीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शेफ अँथनी बोर्डेनबरोबर बुन चा जेवले. बिल झालं सहा डॉलर, ते बोर्डेननं भरलं. आपल्याकडे मोठा माणूस जेवून गेला की भिंतीवर त्याचा फोटो लागतो. तिथल्या मालकांनी अख्खं टेबलच काचेत बंद करून टाकलं, बशा आणि बिअरच्या बाटल्यांसकट. टेबल न आवरण्याचं इतकं भारदस्त कारण मला आजवर सुचलेलं नाही.

बुन चा म्हणजे तांदळाच्या गार शेवया, कोळशावर भाजलेले डुकराच्या खिम्याचे चपटे गोळे, वाटीभर कोमट आंबटगोड पाणी आणि परडीभर हिरवा पाला. हनोईचं हे दुपारचं जेवण. गोळे दुहेरी जाळीत धरायचे, फुटपाथवरच्या शेगडीवर ठेवायचे आणि पंख्यानं वारा घालत राहायचं. धूर हीच दुकानाची जाहिरात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत मात्र धुराची जाहिरात होत नाही, तक्रार होते. म्हणून मी बिडाचा तवा काढला.

वेंगुर्ल्याची मावशी तेव्हा आमच्याकडे होती. खिम्यात बारीक कांदा, लसूण, मिरपूड इथवर तिची हरकत नव्हती. मग मी कढल्यात साखर घातली आणि ती तांबूस-काळी होईतो मी हलत नाही म्हटल्यावर मावशी पदर नाकाला लावून म्हणाली, "करपली गो!" तशीच तर साखर हवी असते, गोळ्यांना रंग तिनंच येतो. त्यानंतर मी फिश सॉसची बाटली उघडली. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर आपल्या मांदेलीच्या चुलत भावंडांना मिठात घालून मोठाल्या लाकडी पिंपांत वर्षभर ठेवतात, मग हा अर्क निघतो, असं मी भक्तिभावानं सांगत होते. मावशीनं एकदाच वास घेतला. "ह्या खाऱ्या बांगड्याचा पाणी! ह्याका पैशे दिलंस?"

वाटीतलं पाणी म्हणजे हा सॉस, साखर, लिंबू आणि चौपट-पाचपट पाणी. लसूण अगदी शेवटी घातली तर तिचे कण वर तरंगतात, आधी घातली तर रुसून तळाशी बसतात. मी वाटी डोळ्यांजवळ धरून हे तरंगणं बघत बसले. मावशी माझ्याकडे बघत बसली. त्या पाण्यातच नवलकोल आणि गाजराच्या पातळ चकत्या सोडायच्या. हनोईकर नवलकोल इतक्या प्रेमानं खातात, हे कळल्यापासून मंडईत त्याच्याकडे मी जरा अदबीनं बघते.

पाल्याची मात्र पंचाईत. तिकडे जांभळ्या पाठीच्या पानांची तिया तो असते, ती इथे कुठून आणायची? पुदिना, कोथिंबीर, लेट्युस आणि कुंडीतला सब्जा यांवर भागवलं. तुळस तोडायचा विचारही मी मावशीसमोर मोठ्यानं केला नाही.

ताटं मांडली. सगळं सुटं सुटं. तव्यावरचे गोळे थेट पाण्यात, आणि शेवया-पाला ज्यानं त्यानं घासाघासाला बुडवायचा. सगळं एकाच बोलमध्ये भरायची पद्धत व्हिएतनामच्या दक्षिणेकडची. हे माझं प्रवचन चालू असताना नवऱ्यानं वाटी उचलून शेवयांवर रिकामी केली आणि वरणभातासारखं कालवायला घेतलं. मावशी हात आवरून बसली होती.

"फोडणी खंय आसा?"

"नसते गं यात."

"आणि हो पालो कच्चोच? मी काय बकरी?"

पण गोळे तिनं खाल्ले. शेवयांकडे बघून "शिरवाळे बरे आसत, रस खंय?" असंही विचारलं, गूळ घातलेल्या नारळाच्या रसाशिवाय शिरवाळे म्हणजे तिच्या लेखी अर्धवट काम. वाटीतलं 'बांगड्याचं पाणी' मात्र तिनं दोनदा मागून घेतलं आणि सोलकढीसारखं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला. उरलेल्या शेवयांवर ठेचलेली लसूण आणि सुकी मिरची पडली होती, वरून ओलं खोबरं. मी दोन बशा खाल्ल्या. हनोईला कुणी कळवू नका.