सार्वजनिक सुरक्षेसाठी लाइट गेली आहे

माझा भाचा कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या टेकडीवर राहतो. तिकडे वारा सुटायचा असला की दोन दिवस आधी त्याच्या फोनवर निरोप येतो. परवा संध्याकाळपासून तुमची वीज बंद राहील, हवा कोरडी आहे, तार तुटून ठिणगी पडली तर रान पेटेल, सबब आपल्याच सुरक्षेसाठी, कळावे. त्याने तो निरोप मला पाठवला आणि वाचून मला अगदी भरून आलं. वारा सुटला की लाइट जाते हे आम्ही जबलपूरकर जन्मापासून बघतोय. ती आमच्या सुरक्षेसाठी जाते, हे मात्र साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उगाच लाइनमनला शिव्या घातल्या.

या नम्रतेमागे इतिहास आहे. 8 नोव्हेंबर 2018 ला कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव जळालं. 85 माणसं गेली. विजेच्या मनोऱ्यावरचा, जवळपास शंभर वर्षं वापरात असलेला एक लोखंडी हूक झिजून तुटला, एवढंच निमित्त. मनोरा पीजी अँड ई कंपनीचा. जानेवारी 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, जून 2020 मध्ये 84 जणांच्या सदोष मनुष्यवधाचे आरोप न्यायालयात कबूल केले. या दोहोंच्या मधे, ऑक्टोबर 2019 मध्ये, वारा सुटणार म्हणून तिने सात लाखांवर ग्राहकांची वीज काढली. आपली कधी जाणार हे बघायला लोक कंपनीच्या संकेतस्थळावर धावले, तर आधी तेच बंद पडलं. हे वाचून मात्र मला परकेपणा वाटेनासा झाला.

भाच्याने मग भिंतीवर बॅटरी लावली. साडेतेरा युनिटची. "मामा, आता कंपनीने काहीही करू दे," म्हणाला. त्याच्या बॅटरीला हवामानखात्याचा निरोप परस्पर पोचतो. वादळ येणार म्हटलं की ती आधीच पोटभर चार्ज होऊन बसते. माझ्या जिन्याखालच्या ट्यूब्युलर बॅटरीला मी कागदपेन्सिल घेऊन बसलो: 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास, म्हणजे 1.8 युनिट. अशा साडेसात मांडल्या की भाच्याची एक होते. पण तिला डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? आमच्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाचं कर्तेपण आता त्या पाण्यापुरतंच उरलंय, तेवढं तरी राहू द्या. हवामानाशी माझ्या बॅटरीचं बोलणं नाही. ती एकच शब्द बोलते, टींऽऽ, आणि तोही मॅचच्या शेवटच्या षटकात.

चैत्रात कुंडमला गेलो होतो. जबलपूरहून डिंडोरीच्या रस्त्याला लागलं की साल-सागवानाच्या जंगलातलं हे तहसिलीचं गाव लागतं. हिरन नदी इथे उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. या दिवसांत गोंडांच्या घरात पहाटे कुणी सापडत नाही. सगळे मोहाखाली. रात्रभर फुलं गळतात, ती पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली आधी आग लावून जागा साफ करतात. कुणी विझवायला विसरतो, वारा विसरत नाही. मग उपग्रह वरून बघतो, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनखात्याच्या फोनवर निरोप जातो आणि बीटगार्ड हिरव्या फांद्या घेऊन धावतो. विजेच्या लाइनखाली पाचोळा पेटला की धूर आणि धग वर चढते आणि लाइन बसते. कॅलिफोर्नियात तारेने रान पेटतं म्हणून लाइट काढतात. इथे रान पेटतं म्हणून लाइट जाते. ठिणगीचा मान तेवढा बदलतो. अंधार दोन्हीकडे सारखाच, आणि आम्हाला तो बिनानिरोपाचा.

मी उतरलो होतो तिथल्या दाईला, म्हणजे घरातल्या आईला, भाच्याच्या बॅटरीची गोष्ट सांगितली. दुपारी ऊन असतं तेव्हा फुकटात भरून ठेवायची, संध्याकाळी वीज महाग झाली की वापरायची. तिने ऐकून घेतलं आणि अंगणात वाळत घातलेल्या मोहाकडे बोट दाखवलं. हंगामात भाव पडलेला असतो तेव्हा विकत घ्यायचा, कोठारात भरायचा, पावसाळ्यात चढ्या भावाने काढायचा. बाजारातला शेठ हेच करतो, म्हणाली. तिला घरखर्चासाठी तो झाडाखालीच विकावा लागतो, आणि पुढे घरात लागला की त्याच्याचकडून, त्याच्याच भावाने आणावा लागतो. ऊर्जासाठवणुकीचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्यात सांगून ती फुलं उलटी करायला उठली. आमच्याकडे यावर परिसंवाद होतात, जेवणासकट.

कारण केंद्राच्या 2023 च्या नियमातही हाच हिशेब आहे. स्मार्ट मीटर बसला की उन्हाच्या तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग. ज्याच्या भिंतीवर बॅटरी तो शेठ. बाकीचे मोह वेचणारे.

मोठ्या साठवणुकीवर माझा राग नाही. महाराष्ट्रात घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प रात्रीची उरलेली वीज वापरून पाणी डोंगरावर चढवतो आणि गरजेला खाली सोडतो. पाण्याला टींऽऽ करता येत नाही, ही त्याची आणखी एक खुबी. आपल्या मध्य प्रदेशात मुरैनाच्या सौर आणि बॅटरी प्रकल्पाला 2025 च्या लिलावात 2 रुपये 70 पैसे युनिटचा दर मिळाला. असा साठा आला तर त्याचा उपयोग दाईलाही होईल, कारण तो कुणाच्या एकट्याच्या जिन्याखाली नसेल. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये 10 हजार मेगावॅटच्या बॅटऱ्यांचा टप्पा ओलांडला. जानेवारी 2025 मध्ये त्यांतल्या मॉस लँडिंगच्या बॅटऱ्यांना स्वतःलाच आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली, हमरस्ता बंद झाला. साठवलेली वीज आगीतच गेली. भाच्याला विचारलं, तर म्हणाला, त्या जुन्या धर्तीच्या होत्या. हे वाक्य मी शंभर वर्षांच्या हुकाबद्दलही ऐकलं होतं.

माझा राग जिन्याखालच्या बॅटरीवर आहे. आमच्या गल्लीत पूर्वी लाइट गेली की दहा दारं उघडायची. कुणाकडे टॉर्च, कुणाकडे तोंड. डीपीपाशी घोळका जमायचा, फॉल्ट कुठे आहे यावर निवृत्त कारकुनापासून दूधवाल्यापर्यंत सगळे अभियंते व्हायचे, आणि लाइनमनला इतके फोन जायचे की तो झक मारत सायकल काढायचा. आता लाइट गेलेली कळते ती शेजारच्या फ्रीजचा आवाज थांबला म्हणून. पंखा फिरतोय, टीव्ही चालू आहे, वायफाय आहे. तक्रार कुणी करायची? डॉक्टरकडे इन्व्हर्टर, वकिलाकडे इन्व्हर्टर, पत्रकाराकडे इन्व्हर्टर. मीही या सदरात विजेवर चार वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही; तपासून पाहिलं, इन्व्हर्टर घेऊन चारच वर्षं झाली आहेत. ज्यांचा आवाज वर पोचतो त्या सगळ्यांनी आपापल्या आवाजाची सोय करून घेतली. आवाज फक्त दाईकडे शिल्लक आहे, आणि तिच्या फोनची बॅटरी लाइट गेल्यावर संपते.

आणि कागदावर आपण ग्राहक म्हणून राजेच आहोत. वीज ग्राहकांचे हक्क सांगणारे केंद्राचे 2020 चे नियम आहेत. शेतीचे तास राज्याच्या आयोगाने कमी ठरवले तर ते सोडून चोवीस तास पुरवठा, आणि आयोगाने ठरवलेल्या मुदतीपलीकडे वीज बंद राहिली तर भरपाई. भाच्याला येतो तसा निरोप आमच्या फोनवर यायला कुणाची हरकत नसावी. बिलाचा निरोप न चुकता येतो, म्हणजे नंबर त्यांच्याकडे आहे.

तर वाचकहो, पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा इन्व्हर्टरने पंखा चालू ठेवला तरी उठा, फोन घ्या आणि 1912 लावा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, कागदावर लिहा. लाइनवर घंटी वाजत राहील, तेवढा वेळ तुमची बॅटरी नक्की टिकते.