इंजिनीअर : आवक भरपूर, उठाव मंद

वाशिमचे २०२५-२६ चे भाव घ्या लिहून. सोयाबीन, हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. तूर, हमीभाव ८,००० रुपये क्विंटल. बी.ई. कॉम्प्युटर, साधारण प्रत, ३ लाख ३६ हजार रुपये, वर्षाला, नगास. पहिल्या दोन मालांना हा भाव बाजारात मिळेलच असं नाही. तिसऱ्याला मिळेल, पण बोलावणं येईल तेव्हा.

बाजार समितीच्या फलकावर ही तिसरी ओळ अजून लिहीत नाहीत. लिहायला हरकत नसावी, कारण जिल्ह्यातून बाहेर जाणारा सोयाबीननंतरचा मोठा माल म्हणजे आमचे पोट्टेच. सोयाबीन ट्रकनं जातं, पोट्टे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम, सहाही तालुक्यांतला माल स्लीपर कोचमध्ये आडवा भरला जातो आणि पहाटे पुण्यात वाकडला उभा उतरवला जातो. वाटेत गळती होत नाही. परत येतो तो दिवाळीला, तोही पाहुणा म्हणून.

या तिसऱ्या ओळीचा इतिहास मोठा मजेदार आहे. २०१३ च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजातून उचललेल्या नवख्या पोराला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. त्या हंगामात पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव होता २,५६० रुपये. म्हणजे एक इंजिनीअर बरोबर १२७ क्विंटल सोयाबीन. २०२५-२६ च्या हमीभावानं हिशेब केला, तर एक इंजिनीअर बरोबर ६३ क्विंटल. बारा वर्षांत आमच्या सोयाबीननं इंजिनीअरला निम्म्यावर आणलं, आणि या पराक्रमाचं श्रेय घ्यायला एकही पुढारी अजून फ्लेक्स लावून पुढं आलेला नाही. २०२२ पर्यंत शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट होणार होतं, ते झालं नाही म्हणून विरोधक ओरडतात. त्यांची मोजपट्टी चुकली. रुपयात कशाला मोजता, इंजिनीअरमध्ये मोजा!

ते ६३ क्विंटल पिकवायला मात्र, एकरी सहा-सात क्विंटल धरले तर, नऊ-दहा एकर रान लागतं. महाराष्ट्रात सरासरी शेतकऱ्याकडं १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. तेव्हा तीन शेतकऱ्यांनी वर्षभर राबायचं तेव्हा एका नवख्या इंजिनीअरची बरोबरी व्हायची, आणि तीही बियाणं, खत, फवारणी, मळणी यांतलं काहीच वजा न करता. म्हणून तर बाप एक एकर विकतो आणि पोराला इंजिनीअर करतो. व्यवहार चोख आहे. फक्त असाच विचार शेजारच्या बापानंही त्याच वर्षी केलेला असतो.

पॅकेज नावाची वस्तू गावात पोचते तेव्हा काय होतं, ते ऐकण्यासारखं असतं.

"पोट्टं कुठी लागलं म्हणे?"

"पुण्याले, काकाजी. हिंजवडीत."

"पॅकेज?"

"साडेतीनचं."

"महिन्याचं?"

"वर्षाचं."

काकाजी मनातल्या मनात बारानं भागतात. एकोणतीस हजार येतात. "मंग एकोणतीस पडत असन हातात."

"बावीस-तेवीस पडते."

"बाकीचे कुठी गेले बाप्पा?"

आता सीटीसी समजावून सांगायची. कंपनीनं तुमच्या पीएफमध्ये भरायचे पैसे तुमच्याच पगारात मोजायचे. पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी आजच मोजायची. आजारी पडलात तर कामी येणाऱ्या विम्याचा हप्ता मोजायचा. कंपनीचं वर्ष चांगलं गेलं, साहेबाचा मूड चांगला राहिला, तर मिळणारा व्हेरिएबलही मोजायचा. हे सगळं ऐकताना काकाजींच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नसतं. चाळीस वर्षं त्यांनी बाजार समितीत माल आणलाय. तोलाई, हमाली, कडता त्यांना कोणी शिकवायला नको. "म्हणजे कडता कापला," एवढंच ते म्हणतात, आणि मॅनेजमेंटच्या पुस्तकातलं एक प्रकरण तिथं संपतं.

मालाची प्रतवारीही तशीच होते. सरकारी खरेदी केंद्रावर सोयाबीनमध्ये बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की पोती परत. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचं मतदान तोंडावर आलेलं असताना, दिल्लीला साक्षात्कार झाला की पंधरा टक्के ओलावासुद्धा चालतो. इंजिनीअरमधल्या ओलाव्याला कम्युनिकेशन स्किल म्हणतात. पोरगं कोड बिनचूक लिहितं, पण एचआरच्या बाईनं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" हे यंत्र आत खुपसलं, की मंगरुळपीरची सगळी आर्द्रता आकड्यात दिसू लागते. माल ओला, भाव कमी. ही मर्यादा आजवर कोणी बारावरून पंधरावर नेलेली नाही, कारण एचआरच्या बाईला निवडणूक लढवायची नसते.

आणि कोणत्याही बाजाराची असावी तशी तेजीही या बाजाराची होऊन गेली. दोन्ही मालांची तेजी एकाच वर्षी आली, हा योगायोग आमच्याकडं अजून कोणी नीट साजरा केलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्याच आर्थिक वर्षात टीसीएसनं एक लाख आणि इन्फोसिसनं पंच्याऐंशी हजार नवखी पोरं उचलली. दोन वर्षांचा अनुभव असलेलं पोरगं खिशात तीन ऑफर लेटर घेऊन हिंडायचं आणि चौथ्या कंपनीला भाव वाढवून मागायचं. गावात नवे ट्रॅक्टर आले, पुण्यात नव्या गाड्या आल्या, दोन्ही हप्त्यावर.

मग दोन्ही बाजार बसले. सोयाबीनच्या बाबतीत सरकारनं त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड परदेशातून आणायला परवानगी दिली, आणि नवं पीक बाजारात येईस्तोवर भाव जवळपास निम्म्यावर आला. आयटीच्या बाबतीत अमेरिकेनं व्याजदर वाढवले, तिकडच्या गिऱ्हाइकानं हात आखडला, आणि मग एआय आलं. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३,२४९ नं कमी झाली, इन्फोसिसची २५,९९४ नं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आणखी बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, आणि या खेपेला रोख होता मधल्या आणि वरच्या फळीवर. म्हणजे जुना मालही गोदामात सुरक्षित नाही. २०२२ मध्ये पास झालेल्या काही पोरांना तर ऑफर लेटर हातात ठेवून दोन-दोन वर्षं थांबवलं गेलं. गावाकडं याचा कोणी त्रागा केला नाही. नोंदणी झाली, मेसेज आला नाही, केंद्रावर गेलं तर बारदाना संपलेला, हे आम्ही दर हंगामात बघतो. कंपनीचाही बारदाना संपला असेल.

दोन्हींचा भाव ठरतो अमेरिकेतच, हे एव्हाना लक्षात आलं असेल. सोयाबीनचा शिकागोच्या वायदेबाजारात आणि पोट्ट्याचा तिकडच्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मीटिंगांत. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर फी लावली, तेव्हा वाशिममधल्या किती तरी घरांत टीव्हीचा आवाज वाढवला गेला. व्हिसा कोणाचाच नव्हता. लग्नाची बोलणी मात्र चाललेली होती, आणि मुलीकडच्यांना "पुढं अमेरिकेला जायचे चान्सेस आहेत" असं सांगून झालेलं होतं.

आता देशभरातले भाव. नवख्या मालाला मोठ्या कंपन्यांचा भाव देशात कुठंही एकच, हमीभावासारखाच. फरक सुरू होतो चार-पाच वर्षांनी, आणि तेव्हा बेंगळुरू सगळ्यांच्या पुढं निघतं. तिथं परदेशी कंपन्यांनी स्वतःची केंद्रं काढली आहेत. अशी १,७०० हून अधिक केंद्रं २०२४ पर्यंत देशात झाली होती, त्यांत एकोणीस लाख माणसं, आणि बेंगळुरूचा वाटा सर्वांत मोठा. हे एका दिवसात झालेलं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये तिथं ठाण मांडलं तेव्हा वाशिम जिल्हा जन्माला यायला तेरा वर्षं बाकी होती.

राज्याराज्यांत आता मालाची नव्हे, खरेदीदारांची ओढाताण चालू आहे. कर्नाटकानं जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्या स्थानिकांनाच देण्याचं विधेयक मंत्रिमंडळात मंजूर केलं, कंपन्यांनी डोळे वटारले, आणि दोन दिवसांत ते बासनात गेलं. तेवढ्या दोन दिवसांत शेजारच्या आंध्रानं "आमच्याकडं या" म्हणून घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच आंध्रानं विशाखापट्टणमला टीसीएसला एकवीस एकर जमीन ९९ पैशांत देऊ केली. आमच्याकडं ९९ पैशांत सातबाऱ्याची झेरॉक्स मिळत नाही. महाराष्ट्रानंही मागं न राहता २०२५ मध्ये धोरण आणलं: नवी चारशे केंद्रं, चार लाख नोकऱ्या. चारशेपैकी वाशिमला किती, असं विचारणं आम्हाला शोभणार नाही. आम्हाला समृद्धी महामार्ग दिलाय. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव अशा तीन ठिकाणी आमच्या जिल्ह्यात चढता-उतरता येतं. चढणारे रोज दिसतात.

मधल्या मधे नागपूर आहे. तिथल्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आणि वाशिमच्या पोराला शनिवारी घरी येऊन सोमवारी परत जाता येतं. पण लग्नाच्या बाजारात नागपूरचे सहा लाख पुण्याच्या दहा लाखांपुढं उभे राहत नाहीत. मुलीकडचे नुसता पगार विचारत नाहीत, पिनकोडही विचारतात. शिवाय पुण्यात फ्लॅट हवा, गावाकडं शेती हवी, आणि शेतीत कोणी जाऊ नये अशी अट असते. पुण्याचे दहा लाख मात्र महिन्याच्या पाच तारखेला मोजायचे असतात. वाकडचं भाडं, डिपॉझिटासाठी काढलेलं कर्ज, कॅब, डबा, आणि हिंजवडीच्या चौकात अडकलेल्या तासांचा खर्च, जो कोणी लावतच नाही. काकाजींना हाही हिशेब सांगून पाहिला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग जास्तीचा पगार पोट्ट्याले भेटते का घरमालकाले?" पगारांच्या पाहण्या दरवर्षी निघतात, रंगीत नकाशे येतात, बेंगळुरू गडद निळं, विदर्भ फिकट. घरमालक या रकान्यात कोणत्या शहराला किती जातं, ते त्या नकाशांत अजून कोणी रंगवलेलं नाही.

एकदा हा सगळा हिशेब उलटा फिरला होता. २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पोट्टे लॅपटॉप घेऊन घरी आले. गच्चीवर रेंज, खाली म्हैस, कॉलवर न्यू जर्सी. दीड वर्ष वाशिम जिल्हा आयटी हब होता, फक्त उद्घाटन राहिलं. पगार पुण्याचा आणि जेवण आईच्या हातचं, असं राज्य लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि इतकं सुख खटकणारा माणूस कुठं तरी असणारच होता. मे २०२० मध्येच फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की घरून काम करणारा स्वस्त गावी राहायला गेला, तर त्याचा पगारही त्या गावाप्रमाणं ठरेल. काम तेवढंच, डोकं तेच, पण तुझी आई फुकट जेवायला घालते, म्हणून पगार कमी. आता सल्लागार मंडळी लहान शहरांत माणूस पाव भागानं स्वस्त पडतो असं अहवालांत लिहितात, आणि ते वाचून लहान शहरांतले पुढारी खूश होतात. स्वस्त असल्याबद्दल आपलं कौतुक होतंय, हे त्यांना कोणी तरी समजावायला हवं, पण त्यांच्या भाषणात व्यत्यय कोण आणणार?

आमच्या आकांक्षेबद्दल कोणी शंका घेऊ नये. ती सरकारी आहे. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या ११२ जिल्ह्यांना आकांक्षित म्हणून जाहीर केलं, त्यांत महाराष्ट्राचे चार, त्यांत वाशिम. बाकीच्या जिल्ह्यांना आकांक्षा स्वतःच्या खर्चानं बाळगाव्या लागतात.

आणि टॅलेंट बाहेर जाण्याचं म्हणाल, तर आमची परंपरा उलटी आहे. पंधराशे वर्षांपूर्वी हे गाव वत्सगुल्म होतं, वाकाटकांची राजधानी. पाचव्या शतकात हरिषेण राजा इथं बसायचा आणि त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याला सोळावं लेणं कोरून घ्यायचा. म्हणजे हेड ऑफिस वाशिमला आणि ऑनसाइट अजिंठ्याला. त्या प्रोजेक्टचं पुढं काय झालं, यावर वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानं आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं असं की हरिषेण गेला, राजाश्रय आटला, आणि चालू असलेली लेणी तशीच अर्धवट सोडून कारागिरांना हातोडा ठेवावा लागला. क्लायंट गेला, फंडिंग थांबलं, सगळी टीम बेंचवर. अर्धी कोरलेली लेणी आजही जाऊन बघता येतात. त्या काळी लिंक्डइन नव्हतं, म्हणून ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी तेवढी कुठल्या भिंतीवर दिसत नाही.