कढईजवळचं बेणं

संगणकाच्या सुरक्षेवर मी हिंगोलीत तीन भाषणं दिली आहेत. तिन्ही ठिकाणी शाल मिळाली. पुढे इज्जत झाकायला त्याच कामी आल्या.

भाषणात माझं ठरलेलं उदाहरण असे मंत्रालयाचं. मे 2016 मध्ये तिथल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दीडशेच्या आसपास संगणकांत ‘लॉकी’ शिरला होता. हा लॉकी यायचा मेलमधल्या बिलाच्या फाइलीतून. फाइल म्हणायची, मजकूर वाचायचाय तर मॅक्रो चालू करा. माणूस आज्ञाधारकपणे चालू करायचा, की सगळ्या फाइलींना कुलूप. किल्ली हवी तर बिटकॉइन मोजा. “साहेबलोकांना एवढंही कळू नये?” असं विचारून मी पाण्याचा घोट घ्यायचो. तेवढ्यात हशा उरकायचा.

मला आलेल्या मेलमध्ये बिल नव्हतं. बिल असतं तर वाचलो असतो, बिलं मी उघडतच नाही. आपल्या ललितलेखसंग्रहाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, मानपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, नाव तपासून घ्यावं, असा मजकूर होता. माझा संग्रह अजून निघालेलाच नाही. तरी मला संशय आला नाही. एवढंच वाटलं, की चला, उशिरा का होईना, दखल घेतली. मॅक्रो मी स्वतःच्या हातानं चालू केले. दोनदा, कारण पहिल्यांदा मानपत्र दिसेना.

दिसली ती खंडणीची चिठ्ठी. 300 डॉलर. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. माझ्या लेखनाची एवढी किंमत आजवर एकाही संपादकानं केली नव्हती.

बरं, मी अगदीच गाफील नव्हतो. प्रत्येक फाइलीची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर होती. फक्त ती डिस्क बारा महिने संगणकाला जोडलेली असायची. कुलूपवाल्यानं वाटेत ती दिसली म्हणून तिलाही लावलं.

आई वसमत तालुक्यात, गावी असते. तिला फोनवर सगळं सांगितलं.

“बेणं नव्हतं ठेवलं का रं?”

“ठेवलं होतं. पण तिथंच, बाजूला.”

“कढईजवळ बेणं ठेवतं का कुणी, येड्या?”

आता इथं हळदीबद्दल बोलावं लागेल. संपादकांना गाळायचं तर गाळोत, वसमतकडचा माणूस हळद गाळत नाही. फेब्रुवारी-मार्चात हळद निघते. हळकुंडं वेगळी आणि जेठे गड्डे वेगळे होतात. हळकुंडं शिजायला जातात. आता कुकर आलेत, आमच्या लहानपणी मोठाली कढई असायची. फेस वर आला, वास बदलला, हळकुंडात काडी अलगद शिरली, की शिजली. मग वाळवण, मग पॉलिश, मग आडत. पण त्याआधी आई बेण्यासाठी निवडून जेठे गड्डे बाजूला काढायची आणि पार दुसऱ्या टोकाला, झाडाच्या सावलीत ढीग लावून वर हळदीचाच पाला घालायची. मे-जूनच्या लागवडीपर्यंत त्याला हात नाही. भाव कितीही चढो, बेणं विकायचं नाही. आम्हा पोरांना त्या बाजूला खेळायलासुद्धा बंदी. माझी तीन भाषणं त्या पाल्याखाली मावली असती.

खंडणी भरली नाही. भरूनही किल्ली मिळतेच असं नाही, आणि 300 डॉलर नव्हतेही. सायबर गुन्ह्यांच्या 1930 क्रमांकावर तक्रार नोंदवली, संगणक पुसून घेतला. माझे लेख मात्र जवळपास सगळे परत मिळाले. ‘साभार परत’ म्हणून संपादकांनी पाठवलेले मेलमध्ये सुखरूप होते. नकारांनी एवढं सांभाळलेला लेखक दुसरा नसेल.

गेली ती आमच्या आबांची वही. लाल कापडाच्या बासनातली, आडतीच्या पट्ट्यांचे आकडे लिहिलेली. कडेला बारीक अक्षरात इतर नोंदी : कुणाचा बैल आजारी पडला म्हणून आपली जोडी दोन दिवस दिली, कुणाला दोन पोती बेणं उसनं, परत मागू नये. आबा गेल्यावर मी ती सगळी संगणकात उतरवून घेतली, फार कौतुकानं. आणि मग वही रद्दीत दिली. ‘आता संगणकात आहे ना’, असं मीच आईला म्हणालो होतो. ती काही बोलली नव्हती. परवा फोनवरही बोलली नाही.

नवी डिस्क आता आईच्या पत्र्याच्या पेटीत असते. महिन्यातून एकदा आणतो, प्रत घेतो, काढतो, नेऊन ठेवतो. संगणकाच्या अपडेटला ‘नंतर आठवण करा’ म्हणायचा चाळाही बंद केलाय. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशाच कुलूपवाल्यानं दीडशेहून जास्त देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच दिला होता. माझ्यासारख्यांनी ‘नंतर’ म्हटलं होतं.

वसमतकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी आबांच्या हातची एखादी चिठ्ठी, उसनवारीचा कागद असेल, तर कृपा करून पाठवा. मेलनं नको. पोस्टानं.